भूतान: जिथले विहार अजून रिकामे झालेले नाहीत

नाशिकमध्ये वाढलेल्या मुलाची बौद्ध विहाराशी पहिली ओळख होते ती रिकाम्या खोलीतून. आमची शाळेची सहल त्रिरश्मी डोंगरावर जायची, त्याला आम्ही सगळे पांडवलेणीच म्हणत असू, आणि गुरुजींची पाठ वळली की भिक्षूंच्या कोठड्यांमधल्या दगडी ओट्यांवर आम्ही मुले आडवी होऊन पाहत असू. पाठीला गार दगड लागायचा, वटवाघळांचा उग्र वास यायचा, आणि इथे खरोखरच कोणी झोपत असे यावर काही केल्या विश्वास बसत नसे. पुढे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी लागली, टपाल तिकिटांच्या छपाईत ३४ वर्षे गेली, त्या काळात पाहुण्यांना लेणी दाखवायला कितीतरी वेळा डोंगर चढलो; पण ती कोठडी माझ्या लेखी रिकामीच राहिली. डिसेंबरच्या सुरुवातीला पत्नीबरोबर आठ दिवस भूतानला जाऊन आलो, आणि तिथे एका अर्धवट उघड्या दारातून मला तशीच एक कोठडी दिसली, जिच्यात माणूस राहत होता.

आमचा प्रवास एका प्रवासी कंपनीच्या गटाबरोबर झाला. गटात बावीस माणसे होती आणि त्यांतली बरीचशी नाशिकचीच. गटाने जाण्याचे फायदे मी नाकारत नाही, कारण या वयात बॅगा कोणीतरी उचलणे आणि रात्री गरम वरणभात मिळणे या क्षुल्लक गोष्टी नव्हेत. मात्र ज्या कंपनीने जेवणासाठी दोन तास आणि पुनाख्याच्या जोंगसाठी, म्हणजे किल्लेवजा मठासाठी, पाऊण तास राखून ठेवला होता, तिच्या वेळापत्रकाविषयी माझ्या मनात आजही राग आहे. मुंबईहून विमानाने बागडोगरा, तिथून बसने चहाच्या मळ्यांमधून जयगाव, आणि एका रंगीत कमानीतून पलीकडे फुंत्शोलिंग. कमानीच्या अलीकडे हॉर्न, गाड्या, केळीवाले. पलीकडे एकदम शांतता आणि घड्याळ अर्धा तास पुढे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण परवाना लागतो, आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे लागते. शिवाय दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शुल्क भरावे लागते. इतर बहुतेक देशांच्या पर्यटकांना हाच आकडा १०० डॉलर आहे. आमच्या कंपनीने अर्ज आधी भरून ठेवले नव्हते, त्यामुळे पहिले तीन तास आम्ही रांगेत काढले. इथले चलन, म्हणजे ङुलत्रुम, आपल्या रुपयाच्या बरोबरीचे असल्यामुळे हिशेबाची कटकट मात्र वाचली.

रांगेतच आमचा भूतानी गाइड भेटला. तिशीचा तरुण, अंगात चौकड्यांचा घो, म्हणजे भूतानी पुरुषांचा झगा, गुडघ्यापर्यंत काळे मोजे, आणि हिंदी सिनेमांतून शिकलेली पण व्याकरणात आमच्यापेक्षा सरस असलेली हिंदी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो ‘ला’ जोडायचा. हा आपल्या ‘जी’चा भाऊ आहे, असे त्याने सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा अर्धा गट एकमेकांना ‘चहा घ्या ला’ म्हणू लागला. त्याने देशाची ओळख आकड्यांनी करून दिली तेव्हा बसमध्ये क्षणभर कोणी बोलले नाही. २०१७ च्या जनगणनेत सगळ्या भूतानची लोकसंख्या ७ लाख २७ हजार भरली. २०११ साली एकट्या नाशिक शहरातच आम्ही १४ लाख ८६ हजार होतो.

गटातल्या एका सहप्रवासिनीविषयी इथेच लिहिले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून हा प्रवास मी निम्माच पाहिला असता. त्या नाशिकरोडच्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्याच ‘बाई’ झाल्या. त्यांचे आजोबा १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते, आणि बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला केलेली घोषणा घरात पाठ असावी अशा घरात त्या वाढल्या. बौद्ध देश पाहायचा म्हणून त्या एकट्या आल्या होत्या. आम्ही बाकीचे मुख्यतः डोंगर पाहायला आलो होतो.

थिंफूमध्ये वाहतुकीचे दिवे नाहीत. चौकातल्या नक्षीदार छत्रीखाली उभा राहून एक पोलीस नाचल्यासारख्या हातवाऱ्यांनी गाड्या सोडतो. ते पाहायला आमची बस दोनदा फिरवण्यात आली, आणि एकदा पुरे झाले असते. त्यापेक्षा स्मारक चोर्तेन मला अधिक आवडला. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ साली बांधलेला हा पांढरा स्तूप आहे, आणि त्याच्याभोवती शहरातले म्हातारे-म्हाताऱ्या दिवसभर प्रदक्षिणा घालत असतात. कोणाच्या हातात फिरते मणिचक्र, कोणाच्या पिशवीत थर्मास, मधूनच बाकावर टेकून सुनांची गाऱ्हाणी. भाषा कळत नव्हती, पण संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, बसणाऱ्या नाशिककराला तो सूर ओळखू येणारच.

शहरावरच्या टेकडीवर साडेएक्कावन्न मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे, बुद्ध दोर्देन्मा. तिच्या पोटात सव्वा लाख लहान बुद्धमूर्ती ओळीने मांडलेल्या आहेत. आमचा गट फोटोंच्या मागे होता, तेव्हा बाईंनी चपला काढल्या, तीन वेळा वंदन केले आणि खणखणीत आवाजात त्रिसरण म्हटले. गाइड जवळ जाऊन थांबला आणि संपेपर्यंत हलला नाही. ही कुठली भाषा, असे त्याने विचारले. पाली, बाई म्हणाल्या, तुमच्याकडे म्हणत नाहीत का? त्याच्याकडचे सगळे पाठ तिबेटी परंपरेच्या भाषेतले. पाली त्याने पहिल्यांदाच ऐकली होती. आपल्या वहीत त्याने ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे शब्द बाईंकडून देवनागरीत लिहून घेतले, आणि बाईंनी सवयीने त्याच्या अनुस्वाराची चूक सुधारली.

थोडे विषयांतर होईल, पण टपाल तिकिटे छापण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला थिंफूचे टपाल कार्यालय टाळता येत नाही. भूतानने पहिली सर्वसाधारण तिकिटे १९६२ साली काढली आणि त्यानंतर पंधरा वर्षांत या एवढ्याशा देशाने छापखान्यातल्या माणसांची झोप उडवील अशी तिकिटे काढली: रेशमावरची, पोलादी पत्र्यावरची, डोळ्यांपुढे खोली उभी करणारी त्रिमितीय, आणि सर्वांत कहर म्हणजे ग्रामोफोनची छोटी तबकडी असलेले तिकीट, जे यंत्रावर लावले की त्यातून गाणे वाजते. आमच्या खात्यात त्या तिकिटाची एक दंतकथाच झाली होती. ती तबकडी काचेआड पाहिली, तिच्या मागच्या गोंदाचा विचार केला, आणि बराच वेळ तिथून हललो नाही. आता तिथे स्वतःचा फोटो छापलेले तिकीट काढून मिळते. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांचे तिकीट लावलेले कार्ड आमच्याआधी नाही, पण आमच्या मागोमाग नाशिकला पोहोचले.

थिंफूहून पुनाख्याला जाताना दोचुला खिंड लागते, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर. तिथे १०८ चोर्तेन एका टेकडीवर वर्तुळांत उभे आहेत. ही सजावट नव्हे. डिसेंबर २००३ मध्ये भारतातून पळून भूतानच्या जंगलात तळ ठोकलेल्या बंडखोरांविरुद्ध भूतानच्या सैन्याने कारवाई केली, तिच्यात मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते राजमातेने उभारले. धुके असल्यामुळे हिमशिखरे दिसली नाहीत, आणि पैसे वाया गेले असे गटातल्या एकाने मोठ्याने म्हटले.

मग रस्ता भराभर खाली उतरतो, हवा उबदार होते, भातखाचरे लागतात आणि दोन नद्यांच्या संगमावर पुनाख्याचा जोंग दिसतो. एक नदी ‘फो छू’, म्हणजे नर, दुसरी ‘मो छू’, म्हणजे मादी. तपोवनात कपिला आणि गोदावरी यांचा संगम पाहत वाढलेल्या माणसाला नद्यांचे नाते लावून देण्याची ही सवय परकी वाटत नाही. झाबद्रुंग ङवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये हा जोंग बांधला. भूतान एका सत्तेखाली आणणारे ते हेच. १६५१ मध्ये त्यांचे निधन झाले, पण राज्य विस्कटू नये म्हणून ते एकांतात ध्यानाला बसले आहेत असे सुमारे पन्नास वर्षे लोकांना सांगितले गेले. त्यांचा देह याच जोंगमध्ये जतन केलेला आहे आणि तिथे राजा व प्रमुख धर्मगुरू, ज्यांना जे खेंपो म्हणतात, यांच्याखेरीज फक्त सेवेकऱ्यांना प्रवेश मिळतो. १७ डिसेंबर १९०७ रोजी पहिले राजे उग्येन वांगचुक यांचा राज्याभिषेकही इथेच झाला.

लाकडी पुलाच्या अलीकडे गाइड थांबला. पिशवीतून त्याने घडी केलेले, झालर असलेले पांढरे वस्त्र काढले. त्याची लांबी सहज तीन मीटर असावी. एक टोक डाव्या खांद्यावर धरून, बाकीचे उजव्या काखेखालून घेऊन, पुन्हा खांद्यावर आणून त्याने अशी चुणी घातली की शेवटची झालर नेमकी गुडघ्याशी आली; मग ती हाताने एकदा चापून पाहिली, आणि बोलण्याचा आवाजही खाली आणला. या उपरण्याला कबने म्हणतात. सामान्य माणसाचे पांढरे, न्यायाधीशाचे हिरवे, खासदाराचे निळे, मंत्र्याचे नारिंगी. पिवळे फक्त राजा आणि जे खेंपो यांचे. ते न घालता भूतानी पुरुषाला जोंगमध्ये पाऊल टाकता येत नाही, कारण जोंग हे निम्मे सरकारी कार्यालय असते आणि निम्मा विहार. एका चौकात कारकून फायली घेऊन चाललेले, दुसऱ्या चौकात भिक्षू.

आमच्या पाऊण तासांतला बराच वेळ मी त्या दुसऱ्या चौकात घालवला. थिंफूचा भिक्षुसंघ हिवाळ्यासाठी दरवर्षी पुनाख्याला उतरतो, उन्हाळ्यात परत वर जातो. आम्ही गेलो तेव्हा तो नुकताच आला होता. दहा-बारा वर्षांचे चार श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, भाताने भरलेल्या ॲल्युमिनियमच्या बादल्या दोघांत एक अशा उचलून नेत होते. बादलीतून वाफ येत होती. एकाचे लाल वस्त्र पायांत अडकले, भात थोडा सांडला, तेव्हा त्याने आजूबाजूला पाहून तो पायाने फटीत सारला. चुलीच्या धुराने काळा झालेला एक कोपरा, दोरीवर वाळत घातलेली चीवरे, नळाखाली ताट घासणारा एक म्हातारा भिक्षू. विहार म्हणजे भात शिजवण्याची जागा, ही गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली.

पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, राहणाऱ्या भिक्षूंना चीवरे मिळावीत म्हणून त्याने ३,००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-मंडळांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायचे नाही, व्याजच वापरायचे. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आपले गोवर्धन. हा लेख मी पूर्वी लोकांना एक गंमत म्हणून सांगत असे, की पाहा, दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकमध्ये मुदत ठेव होती. पुनाख्यात दोरीवरची ती चीवरे पाहिली तेव्हा त्या ठेवीमागचा हिशेब समजला. इतकी माणसे, इतके कापड, दरसाल. भूतानमध्ये आज संघाचा खर्च सरकार उचलते आणि तसे राज्यघटनेतच लिहिलेले आहे. आपल्याकडचे व्याज कधी बंद झाले कोण जाणे.

जोंगनेही कमी सोसलेले नाही. आग, भूकंप, आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये वरच्या डोंगरातल्या हिमसरोवराचा बांध फुटून आलेला पूर. पाणी कुठवर आले हे गाइड हाताने दाखवत होता, आणि आमच्या गटातले एक गृहस्थ त्याला दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले की नाशिकमध्ये पूर समजतात हे तितक्याच तन्मयतेने सांगत होते. दोघांचेही एकमेकांकडे लक्ष नव्हते.

मुख्य मंदिरात बाई अस्वस्थ झाल्या. मध्ये बुद्ध, ते ठीक. पण भिंतीवर कवट्यांच्या माळा घातलेले, ज्वाळांनी वेढलेले, दात विचकणारे कोण? त्यांनी बुद्धाला वंदन केले आणि बाकीच्यांसमोर हात जोडले नाहीत. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञा ज्यांनी मनापासून घेतल्या आहेत, त्यांच्या घरच्या माणसाकडून दुसरे काही अपेक्षित नव्हते. गाइडच्या ते लक्षात आले होते. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘‘मॅडम, ते रागावलेले नाहीत ला. मूल विस्तवाकडे रांगत निघाले तर आई हसत हसत सांगेल का? ओरडेलच ना? ती करुणाच आहे.’’

‘‘माझ्या वर्गात साठ मुले असायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी कधी ओरडले नाही.’’

तो मनापासून हसला. पण बाई हसल्या नाहीत, आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसल्यावर म्हणाल्या, ‘‘भाऊ, आमच्या विहारात बुद्ध आणि बाबासाहेब. तिसरे कोणी नाही. हे लोक चांगले आहेत, पण हा आमचा धम्म नव्हे.’’ यावर मी काय बोलणार? मी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

पारोच्या वाटेवर सुखाचा विषय निघाला, जो भूतानच्या सहलीत निघाल्याशिवाय राहत नाही. राष्ट्राची प्रगती उत्पन्नाने नव्हे तर सकल राष्ट्रीय आनंदाने मोजावी ही चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांची कल्पना. तिचे चार आधारस्तंभ आहेत, तिची नियमित पाहणी होते, आणि देशाची ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील असे घटनेतच बंधन आहे. हे सगळे गाइडने नीट सांगितले. जे त्याने सांगितले नाही आणि जे मी निघण्यापूर्वी वाचले होते, तेही इथे लिहायला हवे: १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वेश, भाषा आणि नागरिकत्व यांविषयीच्या कडक धोरणांमुळे दक्षिणेतल्या नेपाळीभाषक लोकांना देश सोडावा लागला, एक लाखाहून अधिक माणसे नेपाळमधल्या छावण्यांत राहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे अमेरिकेसारख्या देशांनी आसरा दिला. ज्या घोचे मी एवढे कौतुक केले, तोच घो तेव्हा त्यांच्यावर सक्तीचा झाला होता. मार्गदर्शकाबरोबर केलेल्या सहलीत ही बाजू दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर पहिल्याच दिवशी ती विचारणेही मला जमले नाही. मी फक्त विचारले, तू सुखी आहेस का? माझी बहीण ऑस्ट्रेलियात पर्थला आहे, तो म्हणाला, पुढच्या वर्षी मीही अर्ज करणार आहे.

पारोत शेवटचा दिवस कड्यावरच्या तक्त्सांग मठासाठी होता. पायथ्यापासून साधारण सव्वापाचशे मीटरची चढण. पाइन-ओकच्या जंगलातून जाणारी धुळीची वाट. निम्म्या वाटेवर एक उपाहारगृह आहे, तिथवर घोडा मिळतो. पत्नीचे गुडघे तिथे थांबले, आणि ती मसालेदार एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, खात आमची वाट पाहत बसली. मिरची हा इथे मसाला नव्हे, भाजी आहे. माहेर खानदेशी असल्यामुळे तिला त्याचे अप्रूप नव्हते. बाई मात्र माझ्या पुढे चालत होत्या. कपारींमध्ये मुठीएवढे मातीचे स्तूप रचून ठेवलेले दिसले, त्यांना त्सा-त्सा म्हणतात. मृतांच्या राखेची चिमूट मातीत मळून ते घडवतात. बाई एका कपारीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

आठव्या शतकात बौद्ध गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि त्यांनी या कड्यातल्या गुहेत ध्यान केले, अशी श्रद्धा आहे. गुहेभोवती १६९२ साली मठ बांधला गेला. १९ एप्रिल १९९८ रोजी तो जळाला आणि काही वर्षांत जुन्या पद्धतीनेच पुन्हा उभा राहिला. शेवटी वाट शेकडो पायऱ्या उतरून एका धबधब्यापाशी जाते आणि तितक्याच जवळजवळ पुन्हा चढते. दारात मोबाइल आणि पिशव्या जमा कराव्या लागतात, म्हणून माझ्याजवळ आतला एकही फोटो नाही.

आत एका भिक्षूने केशराचे पाणी तळहातावर ओतले. आम्ही मंदिरामागून मंदिरे पाहत गेलो, आणि एका अरुंद बोळात मला ते दार दिसले. चार हात लांब, तीन हात रुंद खोली, मागची भिंत म्हणजे डोंगराचाच खडक. खडकाला लागून फळ्यांचा ओटा, त्यावर घडी केलेले लाल घोंगडे, उशाशी फुलांचे चित्र असलेला थर्मास, खिळ्याला टांगलेला चष्मा. माप मी ओळखले. तेवढीच जागा, तेवढाच ओटा. बाईंना मी हाक मारली. त्यांनी आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि कोणाच्या तरी घरात डोकावू नये म्हणून दार हळूच ओढून घेतले.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघे त्रिरश्मीवर गेलो. पायथ्याशी बुद्धस्मारकात बाईंनी वंदन केले, मग पायऱ्या चढलो. ३ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख मी वाचून दाखवू लागलो, तर बाईंचे लक्ष नव्हते. त्या एकेका कोठडीत जाऊन येत होत्या. ‘‘भाऊ, एवढी माणसे इथे राहायची, तर स्वयंपाक कुठे व्हायचा?’’ त्यांनी विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. भिक्षा मागून आणत असतील, पत्नी म्हणाली. पावसाळ्यात तीन महिने, रोज? बाई म्हणाल्या. मग आम्ही तिघांनी चूल शोधायला सुरुवात केली. छतावर काजळी आहे का पाहिले, कोपऱ्यांत हात फिरवला, पहारेकऱ्याला विचारले, त्याने आम्हाला वेड्यात काढले. लेण्यांच्या बाजूला कातळात खोदलेले पाण्याचे टाके, ज्याला जुन्या लेखांमध्ये पोढी म्हणतात, ते दिसले आणि त्यात पाणीही होते. चूल काही सापडली नाही.